पीडीएफ रीडरमधली जावास्क्रिप्ट: धोका नेमका कुठे, बंद कशी करायची आणि बंद केल्यावर काय अडतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात रोजचं कागदी काम आता पीडीएफवरच चालतं. शेतीचा उतारा, जात-उत्पन्नाचा दाखला, आधार, सौहार्द सोसायटीचा कर्जाचा अर्ज, उद्यमबागेतल्या कारखान्याला आलेली पर्चेस ऑर्डर, सगळं पीडीएफ. झेरॉक्स सेंटर चालवणारे, डीटीपी करणारे, सोसायटीत आणि कारखान्याच्या ऑफिसात संगणकावर बसणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

पीडीएफ म्हणजे छापील कागदाचीच प्रत ना? त्यात प्रोग्राम कुठून आला?

१९९३ साली अडोबीने हा फॉरमॅट आणला तेव्हा उद्देश तेवढाच होता: कुठल्याही संगणकावर पान जसंच्या तसं दिसावं. पुढे त्यात भरता येणारे फॉर्म आले आणि फॉर्मला हिशोब करता यावा म्हणून जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा आली. त्या भाषेतला छोटा प्रोग्राम म्हणजे स्क्रिप्ट. २००८ साली पीडीएफ आयएसओचं मानक झालं तेव्हा स्क्रिप्टची सोय त्यात होतीच.

ही स्क्रिप्ट फाइलच्या आतच साठवलेली असते. फाइल उघडताच, पान बदलताच, रकान्यात काही लिहिताच किंवा बटण दाबताच ती चालते. कर्जाच्या अर्जात रक्कम आणि मुदत भरली की हप्ता आपोआप येतो, पिनकोड सहा आकड्यांचा नसेल तर चौकट येते, ते काम स्क्रिप्टचं. उतारा, पावती, पेपरचं कात्रण, लग्नपत्रिका यांना तिची काडीचीही गरज नसते. रोज उघडल्या जाणाऱ्या फायलींत स्क्रिप्ट खरोखर लागते अशा अगदी मोजक्या. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: स्क्रिप्ट कायम बंद ठेवा, आणि लागेल तेव्हा त्या एका फाइलपुरती चालू करा.

पीडीएफमधली स्क्रिप्ट माझ्या संगणकावरच्या फायली वाचू शकते का?

नियमाप्रमाणे नाही. रीडर तिला बांधून ठेवतो. मनात येईल ती फाइल उघडणं, कुठेही लिहिणं, दुसरा प्रोग्राम परस्पर चालवणं तिला मना आहे. अडचण येते ती रीडरच्या स्वतःच्या कोडमध्ये चूक राहिली की.

२००८ मध्ये अडोबी रीडर ८ मध्ये अशी चूक सापडली. स्क्रिप्टला मजकूर छापण्यासाठी दिलेलं एक साधं फंक्शन होतं, ‘युटिल डॉट प्रिंटएफ’. दशांश संख्या छापताना हजारो अक्षरांची रुंदी मागितली की रीडर ठरलेल्या जागेबाहेर लिहीत सुटायचा आणि मेमरीतला शेजारचा भाग खराब व्हायचा. तिथे काय लिहिलं जाईल हे हल्लेखोराला ठरवता आलं की पुढचा कोड त्याचाच चालतो. डिसेंबर २००९ मध्ये ‘मीडिया डॉट न्यूप्लेअर’मधली चूक वापरून प्रत्यक्ष हल्ले झाले. त्यात रीडर मोकळी करून टाकलेली मेमरी पुन्हा वापरत होता. दुरुस्ती १२ जानेवारी २०१० ला आली. तोवर अडोबीचा स्वतःचाच सल्ला होता की जावास्क्रिप्ट बंद ठेवा.

स्क्रिप्टचा दुसरा उपयोग तितकाच महत्त्वाचा आहे. चूक भलतीकडेच असली, म्हणजे चित्र उलगडणाऱ्या भागात किंवा फॉन्टमध्ये, तरी नेमका आपला कोड मेमरीत कुठे पडेल हे हल्लेखोराला आधी माहीत नसतं. मग तो स्क्रिप्टकडून मेमरीत एकाच मजकुराच्या असंख्य प्रती भरून ठेवतो, म्हणजे उडी कुठेही पडली तरी ती त्याच्याच कोडवर पडते. स्क्रिप्ट बंद असेल तर हे भरण्याचं हत्यारच हातात राहत नाही. मूळ चूक जावास्क्रिप्टची नसतानाही ती बंद ठेवल्याचा फायदा होतो तो असा.

आणि चूक नसतानाही स्क्रिप्टचा गैरवापर होतो. मे २०१७ मध्ये ‘जाफ’ नावाचं खंडणीवसुलीचं व्हायरस ईमेलमधून पसरलं. पीडीएफच्या आत मॅक्रो (वर्डच्या फाइलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) असलेली वर्डची फाइल दडवलेली होती. पीडीएफ उघडली की छोटीशी स्क्रिप्ट ती आतली फाइल उघडायला लावायची. मध्ये इशाऱ्याची चौकट यायची, लोक ओके दाबायचे आणि पुढचं काम मॅक्रो करायचा.

हे सगळं जुनं झालं. आता सँडबॉक्स आहे ना?

आहे. सँडबॉक्स म्हणजे प्रोग्रामला कोंडून ठेवणारी बंदिस्त जागा, आणि त्याचा मोठा उपयोग आहे. नोव्हेंबर २०१० मधल्या रीडर एक्सपासून विंडोजवर ‘प्रोटेक्टेड मोड’ आला. रीडरचा पान दाखवणारा भाग कमी अधिकारांत चालतो, त्यामुळे तिथे घुसलेल्याला पूर्ण संगणक मिळत नाही. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये हा सँडबॉक्स ओलांडणारा हल्ला प्रत्यक्षात दिसला. मे २०१८ मध्ये दोन चुकांची जोडगोळी उघड झाली: एक अडोबी रीडरमधली, तिला चालना देणारी जावास्क्रिप्ट, आणि दुसरी विंडोजच्या गाभ्यातली, सँडबॉक्समधून बाहेर काढणारी. विंडोजमधली ती चूक विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ मध्ये होती, विंडोज १० मध्ये नव्हती. आपल्याकडे जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं म्हणून विंडोज ७ धरून बसलेली डीटीपीची मशिनं अजून आहेत. त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं, कारण विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या आणि रीडर इलेव्हनच्या १५ ऑक्टोबर २०१७ लाच.

मे २०२१ आणि सप्टेंबर २०२३ मध्येही अडोबीने तातडीच्या दुरुस्त्या दिल्या, आणि त्या चुका आधीच वापरल्या जात असल्याचं स्वतः सांगितलं. क्रॅक केलेलं अ‍ॅक्रोबॅट प्रो वापरणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, कारण क्रॅक टिकावा म्हणून अपडेट बंद केलेलं असतं.

अडोबी रीडरमध्ये स्क्रिप्ट बंद कशी करायची?

रीडर उघडा आणि कंट्रोल आणि के एकत्र दाबा. प्रेफरन्सेसची खिडकी येते. (मेनूतून जायचं तर जुन्या रूपात ‘एडिट’खाली, नव्या रूपात डावीकडे वर ‘मेनू’खाली.) डावीकडच्या यादीत ‘जावास्क्रिप्ट’ निवडा आणि ‘एनेबल अ‍ॅक्रोबॅट जावास्क्रिप्ट’समोरची खूण काढा.

खिडकी बंद करायच्या आधी आणखी दोन ठिकाणी जा. ‘सिक्युरिटी (एनहान्स्ड)’मध्ये प्रोटेक्टेड मोड आणि एनहान्स्ड सिक्युरिटी या दोन्हींवर खूण हवी. त्याच पानावर ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ सहसा बंद असतो. तो धोकादायक ठिकाणाहून आलेल्या फायलींसाठी चालू करा. मग नेटवरून उतरवलेली फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते. दुसरं ठिकाण ‘ट्रस्ट मॅनेजर’. तिथे पीडीएफखेरीज इतर जोडफायली बाहेरच्या प्रोग्रामने उघडू देण्याची परवानगी असते, ती काढा. ‘जाफ’सारखा प्रकार तिथेच अडतो.

फॉक्सिट, फायरफॉक्स, क्रोम यांचं काय?

फॉक्सिटमध्ये ‘फाइल’, ‘प्रेफरन्सेस’, ‘जावास्क्रिप्ट’ या वाटेने जाऊन जावास्क्रिप्ट चालवण्याची खूण काढा आणि ‘ट्रस्ट मॅनेजर’मध्ये ‘सेफ रीडिंग मोड’ चालू असल्याची खात्री करा. ऑगस्ट २०१७ मध्ये फॉक्सिटमधल्या दोन चुका जाहीर झाल्या. एकीत स्क्रिप्टमधून प्रोग्राम चालवता येत होता, दुसरीत हवी तिथे फाइल लिहिता येत होती. दोन्ही सेफ रीडिंग मोड बंद असेल तरच चालत होत्या. ‘सारखं विचारतं’ म्हणून तो बंद करून ठेवलेली मशिनं दुकानांतून बरीच दिसतात.

फायरफॉक्सने पीडीएफमधली स्क्रिप्ट २०२१ मध्ये, ८८ व्या आवृत्तीपासून, चालवायला सुरुवात केली. ती वेगळ्या कोंडलेल्या इंजिनात चालते, म्हणून धोका कमी. तरी बंद करायची असेल तर पत्त्याच्या जागी ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘पीडीएफजेएस.एनेबलस्क्रिप्टिंग’ शोधा आणि ते फॉल्स करा. मे २०२४ मध्ये याच दर्शकात वेगळी चूक निघाली: फॉन्टच्या माहितीत दडवलेला कोड चालत होता, आणि स्क्रिप्टिंगच्या या खुणेशी त्याचा संबंध नव्हता. १२६ व्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. त्यामुळे खूण काढली तरी अपडेट चुकवू नका.

क्रोममध्ये पीडीएफच्या स्क्रिप्टसाठी वेगळं बटण नाही. तिथला दर्शक ब्राउझरच्या मजबूत सँडबॉक्समध्ये चालतो आणि ब्राउझर आपोआप अपडेट होतो. नुसतं वाचायला आणि छापायला तो जुन्या रीडरपेक्षा कितीतरी बरा.

बंद केल्यावर काय अडेल? डिजिटल सही तपासता येईल का?

सही तपासण्याचं काम रीडर स्वतः करतो, त्याला फाइलमधली स्क्रिप्ट लागत नाही. कन्नड, मराठी अक्षरं, छपाई, शोध, पासवर्डने उघडणं, यांतलं काहीच अडत नाही.

अडतं ते स्वतः हिशोब करणाऱ्या फॉर्मवर: बेरीज येत नाही, तारीख निवडायची चौकट उघडत नाही, ‘सबमिट’ बटण मुकं राहतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जुन्या पोर्टलचे फॉर्म असेच स्क्रिप्टवर चालणारे पीडीएफ होते. म्हणून सीएच्या ऑफिसात स्क्रिप्ट चालू ठेवण्याची सवय पडली आणि ती तशीच राहिली. नव्या पोर्टलवर कंपन्यांचे फॉर्म वेबवर भरले जातात, तेव्हा हे कारण आता फारसं उरलेलं नाही.

स्क्रिप्ट असलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते. तिच्या पर्यायांत एकदाच चालू करण्याचा आणि या फाइलसाठी कायम चालू करण्याचा, असे दोन मार्ग असतात. फॉर्म कुठून आला हे ठाऊक असेल आणि तो भरायचाच असेल, तर एकदाचा पर्याय घ्या.

आधार किंवा दाखल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. ते घालवताना कसल्या खुणा करायच्या?

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळेजण इथेच घाईघाईत खुणा करत सुटतात.

सहीवर उजवं क्लिक करून सहीचे गुणधर्म उघडा, तिथून सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट, मग ‘ट्रस्ट’ टॅब. साखळीत सगळ्यात वर ‘सीसीए इंडिया’ नावाचं मूळ सर्टिफिकेट दिसलं पाहिजे. ते निवडून ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा. आता येणाऱ्या चौकटीत वरची खूण ‘यूज धिस सर्टिफिकेट अ‍ॅज अ ट्रस्टेड रूट’ ही असते. एवढी पुरे. तिच्याखाली ‘सर्टिफाइड डॉक्युमेंट्स’ आणि त्याच्या पोटात आणखी तीन खुणा आहेत: डायनॅमिक कंटेंट, एम्बेडेड हाय प्रिव्हिलेज जावास्क्रिप्ट आणि प्रिव्हिलेज्ड सिस्टिम ऑपरेशन्स. या तिन्ही रिकाम्या सोडा. त्यातली मधली खूण केली तर त्या मुळाखालच्या सर्टिफिकेटने प्रमाणित केलेल्या फायलींमधल्या स्क्रिप्टला एरवी नाकारलेले अधिकार मिळतात. ‘सीसीए इंडिया’ हे साऱ्या देशातल्या परवानाधारक डिजिटल सह्यांचं मूळ आहे, म्हणजे ती मोकळीक फक्त आधारच्या फाइलपुरती राहत नाही. सही हिरवी दिसायला त्या तिन्हींपैकी एकाचीही गरज नाही.

हिरवी खूण एवढंच सांगते की सही कोणाची आहे आणि नंतर फाइल बदललेली नाही. आतली स्क्रिप्ट निरुपद्रवी आहे, असं ती सांगत नाही.

यूएसबी टोकनने सही करताना प्रोटेक्टेड मोड बंद करायला सांगतात. करावा का?

काही टोकनच्या (डिजिटल सही साठवलेल्या, पेनड्राइव्हसारख्या साधनाच्या) ड्रायव्हरचं प्रोटेक्टेड मोडशी जमत नाही, हे खरं. आधी टोकनचा ड्रायव्हर आणि रीडर दोन्ही नवे करून बघा. तरीही नाही जमलं तर मोड बंद करून सही करा आणि लगेच परत चालू करा. दोन्ही वेळा रीडर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. रोज सह्या असतील तर त्यासाठी एक संगणक वेगळा ठेवा, ज्यावर बाहेरून आलेली कुठलीच फाइल उघडली जाणार नाही.

चौकट इंग्रजीत येते, कागद कन्नडमध्ये असतो. नक्की काय दाबायचं?

सीमाभागातली ही फार खरी अडचण आहे. कागदाची भाषा एक, इशाऱ्याची दुसरी, आपली तिसरी, आणि समोर गिऱ्हाईक उभं. मग हात आपोआप ओकेवर जातो. मे २०२४ मध्ये फॉक्सिटबद्दल हेच उघड झालं: इशाऱ्याच्या दोन चौकटी एकामागून एक यायच्या आणि दोन्हींत आधीपासून निवडलेलं बटण धोक्याचंच होतं. दोनदा एंटर, की कमांड चालली.

तेव्हा नियम करून टाका. पीडीएफ उघडताना चौकट आली आणि तिच्यात लाँच, ओपन फाइल, अलाऊ, ट्रस्ट, कनेक्ट यांपैकी शब्द दिसला, तर ‘कॅन्सल’, ‘ब्लॉक’ किंवा ‘डोन्ट ओपन’. एंटर दाबायचं नाही, माउसने नेमकं बटण दाबायचं. हे पाच-सहा शब्द मराठी अर्थासह कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. कामाला नवीन लागलेल्या पोराला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. साधा उतारा असं काहीच विचारत नाही. विचारत असेल तर तो उतारा नव्हे.

झेरॉक्स सेंटरमध्ये दिवसभर अनोळखी लोकांच्या फायली येतात. सोपी मांडणी कोणती?

व्हॉट्सअ‍ॅप वेब, ईमेल, पेनड्राइव्ह, तिन्हीकडून फायली येतात आणि बहुतेक फक्त छापायच्या असतात. छपाईसाठी सुमात्रा पीडीएफ हा हलका, फुकट प्रोग्राम ठेवा. तो फाइलमधली जावास्क्रिप्ट चालवतच नाही. जुन्या, कमी रॅमच्या मशिनवरही तो चटकन उघडतो. विंडोजमध्ये पीडीएफसाठी तोच डिफॉल्ट करा आणि अडोबी रीडर फक्त सही तपासायला आणि फॉर्मला वापरा.

एखादी फाइल सुमात्रात किंवा ब्राउझरमध्ये उघडल्यावर नुसतं ‘प्लीज वेट’ लिहिलेलं पान दिसतं. फाइल खराब नसते. ती एक्सएफए प्रकारचा (अडोबीच्या वेगळ्या पद्धतीने बनवलेला) फॉर्म असते, आणि तो अनेक दर्शकांत नीट उघडत नाही. अडोबीत उघडतो. असा फॉर्म गिऱ्हाइकाने कुठल्या सरकारी साइटवरून आणला हे विचारा, आणि जमल्यास त्याच साइटवरून तुम्ही स्वतः उतरवा.

दुकानातलं रोजचं काम विंडोजच्या साध्या यूजर खात्यातून करा, अ‍ॅडमिनच्या नव्हे. ज्या मशिनवर बँकेचं किंवा बेळगाव वन, ग्राम वनसारख्या सेवेचं लॉगिन चालतं, त्यावर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावू नका. हे पाळायला दुसरं मशिन लागतं हे खरं, पण छपाईला जुनंपानं चालतं.

उद्यमबागेतल्या कारखान्यांना थ्रीडी ड्रॉइंग असलेली पीडीएफ येते. ती उघडावी का?

थ्रीडी पीडीएफमध्ये भाग फिरवून बघता येतो, आणि त्यातली बटणं बहुधा स्क्रिप्टवर चालतात. डिसेंबर २०११ मध्ये याच थ्रीडी भागातली चूक संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांवरच्या हल्ल्यांत वापरली गेली. अडोबीत थ्रीडी आपोआप चालू नसतं, ते तसंच राहू द्या. ग्राहकाकडून स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची सर्रास चालणारी फाइल) आणि साधं टूडी ड्रॉइंग मागा. फाउंड्री आणि मशीन शॉपचं काम त्यावर भागतं. थ्रीडी पीडीएफच हवी असेल तर पाठवणाऱ्याला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. ईमेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर नको.

फाइलमध्ये स्क्रिप्ट आहे की नाही, न उघडता कसं कळेल?

पायथॉन चालवता येत असेल तर डिडिए स्टीव्हन्स यांचं ‘पीडीएफआयडी’ हे फुकट साधन वापरा. ते फाइल दाखवत नाही, फक्त आतले शब्द मोजतं. जेएस, जावास्क्रिप्ट, ओपनअ‍ॅक्शन, एए, लाँच, एम्बेडेडफाइल आणि एक्सएफए या ओळींसमोरचे आकडे बघा. एक पानाच्या पावतीत जावास्क्रिप्ट आणि ओपनअ‍ॅक्शन दोन्ही शून्याहून जास्त असतील तर ती फाइल बाजूला ठेवा. नुसता ओपनअ‍ॅक्शन अनेक साध्या फायलींत असतो, कोणत्या पानावर उघडायचं तेवढंच तो सांगतो.

सगळीकडे शून्य दिसलं तरी ‘ओबीजेएसटीएम’चा आकडा पाहा. तो शून्य नसेल तर फाइलचे काही भाग दाबून ठेवलेले आहेत आणि शब्द त्यात लपलेले असू शकतात. ‘क्यूपीडीएफ’ने फाइल उलगडून पुन्हा मोजावं लागतं.

नुसती स्क्रिप्ट काढून टाकायची असेल तर फाइल क्रोममध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ने नवी छापा. स्क्रिप्ट आणि जोडफायली गळून जातात. डिजिटल सहीही जाते, म्हणून सही असलेल्या दाखल्यावर हे करू नका.

व्हायरसटोटलवर टाकून बघितलं तर?

व्हायरसटोटल ही अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणारी साइट. अनोळखी जाहिरात, बिल, कुरिअरची पावती खुशाल टाका. आधार, टेंडर, कर्जाचा अर्ज, ग्राहकाचं ड्रॉइंग टाकू नका. तिथे चढवलेल्या फायली सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सभासदांना मिळतात. अशा वेळी फक्त फाइलचा हॅश (फाइलमधून काढलेला अंगठ्यासारखा ठसा) काढून तो शोधा.

जावास्क्रिप्ट बंद केली की निर्धास्त ना?

नाही. २०१८ मध्ये दाखवून दिलं गेलं की पीडीएफ दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल मागवू शकते आणि त्या नादात विंडोज आपल्या लॉगिनच्या पासवर्डचा हॅश तिकडे पाठवून देतं. स्क्रिप्ट त्यात कुठेच नाही. ऑफिसच्या राउटरवर बाहेर जाणारं पोर्ट ४४५ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची वाट) बंद केलं तर ही वाट अडते.

हल्ली जास्त दिसतो तो याहून साधा प्रकार: धूसर बिलाचं चित्र, वर ‘डाउनलोड’चं बटण, आणि बटणामागे पासवर्ड चोरणाऱ्या साइटची लिंक. पासवर्ड लावलेली पीडीएफ आणि त्याच ईमेलमध्ये पासवर्ड, हीसुद्धा धोक्याची खूण. पासवर्डमुळे मेल सर्व्हरच्या अँटिव्हायरसला आत बघता येत नाही.

मोबाइलवर काय काळजी घ्यायची?

मोबाइलवरचे दर्शक स्क्रिप्ट फारशी चालवत नाहीत. तिथला धोका नावात असतो. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. मधे ‘पीडीएफ’ लिहिलेलं असलं तरी शेवटची अक्षरं तीच खरी. इन्स्टॉल करू का, असं फोनने विचारलं की तिथेच मागे फिरा, पत्रिका पाव्हण्यांच्या नंबरवरून आलेली असली तरी, कारण त्यांचाच फोन आधी फसलेला असतो.

सोसायटीत बरेच संगणक आहेत. प्रत्येकावर जाऊन खूण काढायची?

ग्रुप पॉलिसीने (सगळ्या संगणकांना एकदम नियम लावायची विंडोजची सोय) किंवा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एकदम करता येतं. लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर, पॉलिसीज, अडोबी, अ‍ॅक्रोबॅट रीडर, डीसी या वाटेवरच्या ‘फीचरलॉकडाउन’मध्ये ‘बीडिसेबलजावास्क्रिप्ट’ नावाची डीवर्ड किंमत १ ठेवा. मग वापरणाऱ्याला प्रेफरन्सेसमधून ती परत चालू करता येत नाही. ६४ बिटच्या एकत्रित आवृत्तीत ‘अ‍ॅक्रोबॅट रीडर’च्या जागी ‘अडोबी अ‍ॅक्रोबॅट’ असतं. इथे चूक झाली तर सेटिंग लागू होत नाही आणि कळतही नाही, म्हणून नंतर एका मशिनवर खूण राखाडी झाली का ते बघा. हिशोब करणारा फॉर्म ज्या टेबलावर भरला जातो, तेवढा एक संगणक यातून वगळा.

संशयास्पद फाइल उघडली गेलीच. आता?

जुन्या हल्ल्यांची एक ठळक खूण म्हणजे रीडर क्षणभर बंद होऊन पुन्हा उघडतो आणि समोर एक साधी, स्वच्छ फाइल येते. ती दिखाव्याची असते. असं दिसलं, किंवा काळी खिडकी चमकून गेली, तर आधी लॅनची वायर काढा आणि वायफाय बंद करा. फाइल पुसू नका, पुढे तपासाला लागते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, आणि सोसायटीच्या सामायिक फोल्डरचा सर्व्हर वेगळा करा. मशिनमध्ये काय घुसलं ते सांगता येत नसेल तर विंडोज नव्याने टाका. नुसत्या अँटिव्हायरसच्या ‘क्लीन’ शेऱ्यावर हिशोबाचं मशिन पुन्हा कामाला लावू नका.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवण्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे. मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात जा. सोबत मूळ ईमेल, फाइल, बँकेचे संदेश आणि वेळ लिहिलेला कागद न्या. कंपनी किंवा संस्था असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, त्यात मोडणाऱ्या घटनांची खबर लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला द्यावी लागते.